वहीतले आलाप

आपल्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलाला पहिली पाच-सहा वर्षे एकच गोष्ट निक्षून सांगितली जाते : 'मनाचे काही गाऊ नकोस.' अलंकार सांगितले तेवढेच घोटायचे, सरगमगीत लिहून दिले तसेच म्हणायचे. छोटा ख्याल पाठ झाला की त्याच्याखाली वहीत पाच आलाप आणि पाच ताना उतरवून घ्यायच्या, त्याही मात्रा मोजून. परीक्षक समोर बसले की ते सारे क्रमाने म्हणून दाखवायचे. आणि मग एके दिवशी, विशारदच्या उंबरठ्यावर, त्याच मुलाला सांगितले जाते, 'आता जरा मनाचे गा पाहू!' आता हे 'मनाचे' त्या बिचाऱ्याने आणायचे कोठून? जे दार सहा वर्षे बाहेरून कडी लावून बंद ठेवले, ते एका हाकेसरशी आतून कसे उघडावे?

माझे मत असे आहे की मनाचे गाणे, ज्याला जाणकार 'उपज' म्हणतात, ते पहिल्या महिन्यापासून शिकवावे. त्यासाठी सात स्वरसुद्धा लागत नाहीत. तीन पुरतात, पाच तर चैन आहे. लहान तोंडी मोठा घास, असे कोणी म्हणेल. म्हणो. हा घास मी एकदा जाहीरपणे घशात अडकवून घेतलेला आहे, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार सांगतो.

माझे गाव जामसांवली. आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरजवळ हे गाव लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मराठी बोलणारे लोक मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, त्यात आमचा सौंसर तालुका आला. गावाची ख्याती मारुतीमुळे. हा मारुती उभा नाही, बसलेला नाही, तर पिंपळाखाली चक्क आडवा झोपलेला आहे. शनिवार-मंगळवारी दूरदूरची माणसे येतात. आणि जेथे मारुती तेथे भजन, जेथे भजन तेथे पेटी, ढोलक, टाळ आणि खंजिरी. आमच्या बाजूला खंजिरीचा नाद मोठा. तुकडोजी महाराजांनी तो लावून दिला.

तर एका शनिवारी रात्री भजनाचा पेटीवाला आला नाही. मी तेव्हा सुट्टीत घरी होतो, आणि संगीताची एक चांगली मोठी परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो होतो. (परीक्षेचे नाव येथे नको. दोष तिचा एकटीचा नाही.) मला हौसेने पेटीवर बसवण्यात आले. चाल सोपी होती, दोन मिनिटांत बोटांत बसली. गाणाऱ्या काकाजींनी एक ओळ संपवली, दम घेतला आणि माझ्याकडे पाहिले. रिवाज असा की ओळ संपली की दोन आवर्तने पेटीवाल्याची. त्याने ती जागा भरायची, म्हणजे काहीतरी सुरेल असे वाजवून पुन्हा मुखड्यावर आणून सोडायचे. मी तीच ओळ पुन्हा वाजवली. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तीच. तिसऱ्या वेळी माझे मलाच लाजिरवाणे वाटले, म्हणून एका रागाची पाठ केलेली तान घुसडली. तिला येथील आठ मात्रांच्या ठेक्यात पाय ठेवायला जागा मिळेना. सम गेली, टाळ गडबडले, आणि काकाजी सर्वांदेखत म्हणाले, "काहून बे पोट्ट्या, येवढ्या परीक्षा देल्या तू, अन् दोन घडीची जागा भरता येत नाही तुले?"

पुढची भजने एका बारा वर्षांच्या मुलाने वाजवली. त्याला स्वरांची नावे ठाऊक नव्हती. चार पट्ट्यांच्या पलीकडे त्याचे बोट गेले नाही. पण प्रत्येक वेळी तो जागा वेगळी भरत होता आणि प्रत्येक वेळी बरोबर समेवर येत होता. मी पुढे वर्षभर पेटीला हात लावला नाही.

राग शांत झाल्यावर (हा राग म्हणजे क्रोध!) मी विचार करू लागलो. त्या मुलाला जे येत होते ते मला का येत नव्हते? तो माझ्यापेक्षा हुशार होता असे म्हणून सुटका करून घेता आली असती. पण खरे कारण वेगळे होते. तो लहानपणापासून थोड्या स्वरांत बोलत आला होता. मी पुष्कळ स्वरांत पाठांतर करीत आलो होतो. लग्नाआधी हळद दळायला जाते मांडतात, तेव्हा आमच्याकडच्या बायका ओव्या म्हणतात. ओवीच्या चालीचा आवाका केवढा? तीन-चार स्वर. पण शब्द जागच्या जागी जुळवले जातात, आणि शब्द लांबला तर सूरही थोडा वळसा घेतो. त्या बायकांना कोणी 'आता मनाचे गा' असे सांगत नाही, कारण 'मनाचे गाऊ नका' असेही त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते.

यावर शास्त्रोक्त मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतात, आधी स्वर पक्का होऊ द्या, राग डोक्यात मुरू द्या, नाहीतर मूल वाटेल ते बरळेल आणि त्याचा कान कायमचा बिघडेल. आक्षेपात तथ्य आहे, मी तो थट्टेवारी नेत नाही. ज्यांनी दहा-दहा वर्षे खर्ज लावला त्यांच्यापुढे आपण नमस्कारच करावा. पण मूल बोलायला शिकते ते व्याकरण संपवून नव्हे. आधी 'मला पाणी' म्हणते, चुकते, घरची माणसे हसतात, मग सुधारते. आपण त्याला पहिली सहा वर्षे फक्त पाठ्यपुस्तकातली वाक्ये म्हणू दिली आणि सातव्या वर्षी भाषण कर म्हटले, तर काय होईल? जे माझे त्या शनिवारी झाले ते.

पाठांतराचे हे खूळ आले कोठून, याचा दोष मी पलुस्कर-भातखंडे यांच्या माथी मारणार नाही, जरी तशी फॅशन आहे. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी गावोगाव हिंडून चिजा जमवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या घरात गाणे आले. नाहीतर ते घराण्यांच्या माजघरातच राहिले असते. पुस्तकात छापलेला आलाप हा नमुना होता. नमुन्याची आज्ञा आपण केली. शिंप्याने अंगरख्याचा कागद कापून दिला आणि आपण तो कागदच अंगात घातला, अशातला प्रकार.

वर्षभराने मी पुन्हा पेटी उघडली ती वही न उघडता. काय केले ते सांगतो, कारण नुसते मत कोणाच्या उपयोगी पडत नाही.

पहिले पंधरा दिवस फक्त सा, रे, ग. मोबाइलवर तानपुरा लावायचा आणि एक वाक्य म्हणायचे, जे 'रे'वर थांबेल. ते प्रश्नासारखे वाटते. मग दुसरे म्हणायचे, जे 'सा'वर येईल. ते उत्तर. एवढेच. दोन दिवसांत कंटाळा येतो. चौथ्या दिवशी असे ध्यानात येते की स्वर तेच ठेवून लांबी बदलली तरी अर्थ बदलतो. 'ग' लांबवला तर विनवणी, 'ग'ला नुसता स्पर्श केला तर चेष्टा. वहीतल्या आलापांनी मला हे कधी सांगितले नव्हते, कारण वहीत सगळे स्वर सारख्या अंतरावर लिहिलेले असतात.

मग आठ मात्रांचा भजनी ठेका. दोन आवर्तने ठरलेली ओळ, दोन आवर्तने मोकळी. मोकळ्या जागेत काही सुचले नाही तर गप्प बसायचे, पण मुखडा चुकवायचा नाही. गप्प बसणे सर्वांत अवघड गेले. परीक्षेतल्या माणसाला शांतता म्हणजे गुण कापले जाण्याची भीती! आणि एक युक्ती त्या बारा वर्षांच्या मुलाकडूनच शिकलो. बोट चुकून भलत्या पट्टीवर पडले की तो दचकत नसे, पुढच्या खेपेला मुद्दाम तेथेच बोट टाकी. चूक दोनदा केली की ती चाल होते.

नंतर पाच स्वर, आणि येथे पेटीने मला एक गंमत दाखवली. पेटीच्या काळ्या पट्ट्या घ्या, पांढऱ्यांना हात लावू नका. काळी तीनला 'सा' माना आणि पुढच्या काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवत जा : सा रे ग प ध. हा भूप. आता पट्ट्या त्याच, पण 'सा' एक घर पुढे न्या, काळी चारवर. तेच पाच आवाज आता सा रे म प आणि कोमल नी होतात : मधमाद सारंग. काळी पाचला 'सा' धरा, तर कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी : मालकंस! काळी एकवरून दुर्गा, काळी दोनवरून धानी. पाच पट्ट्या, पाच घरे, आणि प्रत्येक घराचा उजेड निराळा. भूप वाजवताना जी पट्टी केवळ शेजारीण होती, तीच मालकंसात घरधनीण होऊन बसते. आपल्या जुन्या शास्त्रात याला मूर्छना म्हणतात. वसतिगृहात माझा म्हैसूरकडचा मित्र कर्नाटक पद्धतीने गातो. त्याला मी हे मोठ्या ऐटीत दाखवले, तर तो शांतपणे म्हणाला, आम्ही याला ग्रहभेद म्हणतो. मग त्याने मोहनम्, मध्यमावती, हिंदोळम्, शुद्ध सावेरी आणि शुद्ध धन्यासी ही पाच नावे माझ्या पाच नावांसमोर मांडली. मराठी विभाग आणि कन्नड विभाग एकाच पेटीवर, आणि पानांच्या वाटणीवरून भांडण नाही!

यात एक मेख आहे. 'सा' बदलला तर तो सतत कानावर पडला पाहिजे. तानपुरा नसेल तर पेटीच्या त्या पट्टीशेजारी आगपेटीची काडी खोचावी म्हणजे ती दबून राहते आणि भाता चालू आहे तोवर बोलत राहते. नाहीतर काळी पाचवरून सुरू केले तरी कान आपला भूपच ऐकत बसतो, आणि विद्यार्थी म्हणतो, 'कोठे आहे मालकंस?' पांढऱ्या पट्ट्यांवरही हाच खेळ होतो. पांढरी एकपासून बिलावल, तेथून ओळीने काफी, भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी. सातव्या घराला शुद्ध पंचम मिळत नाही, म्हणून ते रिकामे. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एकाही काळ्या पट्टीवाचून! पाश्चात्य देशांतही ही घरे ओळखीची आहेत. माइल्स डेव्हिसने १९५९ साली 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी केली. तीत सुरावटींचे भाराभर फेरबदल बाजूला ठेवून एकेका स्वरपंक्तीवर निवांत वाजवले आहे. तिच्यातली पहिली चीज ज्या स्वरांवर उभी आहे ते आपल्या काफीचे स्वर. आणि जर्मनीत कार्ल ऑर्फने लहान मुलांच्या काष्ठतरंगासारख्या वाद्यावरच्या दोन पट्ट्या, म्हणजे आपले म आणि नी, काढून ठेवायला सांगितले, म्हणजे उरतो तो भूप. मुलाने कोठेही हातोडी मारली तरी कानाला खुपत नाही. तेथल्या शिक्षकांना कान बिघडण्याची भीती वाटली नाही, हे विशेष.

पण येथेच मी स्वतःच्या मताला थोडा लगाम घालतो. पाच स्वरांत काही चुकत नाही हे खरे, आणि तोच धोकाही आहे. काहीच चुकत नसेल तर काही म्हटल्यासारखेही होत नाही. नुसता पट्ट्यांवर हात फिरवणे म्हणजे उपज नव्हे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला बसून 'संगीत रत्नाकर' लिहिला, त्यात स्वरांच्या उलटापालटीचा हिशेब आहे. पाच स्वरांच्या १२०, सातांच्या ५०४०. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी ही मेरुखंडाची शिस्त आयुष्यभर पाळली. पण ऐकताना आपल्याला हिशेब ऐकू येत नाही, गाणे ऐकू येते. आणि राग तर याहून पुढची गोष्ट. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गंधार वादी, धैवत संवादी, आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारात नेमके उलट, आणि वेळ सकाळची. काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवणारा माणूस या दोन घरांतून दिवसभर ये-जा करील आणि त्याला पत्ताही लागणार नाही. तेथे गुरूच हवा. माझे म्हणणे इतकेच की नवशिक्याच्या या खेळाला 'राग' म्हणू नये. धून म्हणावे. धून म्हटले की कोणाचा सोवळेपणा मोडत नाही.

आणि धून हा शब्द काही कमीपणाचा नाही. हे ज्याने दाखवले तो माणूस आपल्याच भागातला. कुमार गंधर्व, म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐकून ते हुबेहूब तसेच गात आणि लोक तोंडात बोट घालीत. पाठांतराची याहून मोठी परीक्षा कोणती? पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे ते शिकले. क्षयाने गाठले म्हणून १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले, म्हणजे माझ्या मध्यप्रदेशात. गाण्याला बंदी झाली. अंथरुणावर पडून हा माणूस माळव्यातल्या लोकांची गाणी ऐकत राहिला. ही चार-पाच स्वरांची गाणी त्यांनी जमवली, लिहून घेतली, आणि रागाचे बीज येथे आहे असे ते मांडू लागले. त्या धुनांतून उगवलेल्या रागांना त्यांनी 'धुनउगम' म्हटले. १९६५ साली निघालेल्या 'अनूपरागविलास'मध्ये ते आहेत. ज्याला सगळ्यांचे सगळे गाता येत होते, त्याला आपले गाणे अशा इवल्याशा चालींत सापडावे, याचे मला फार नवल वाटते. अर्थात कुमारांचे नाव घेऊन कोणी आपल्या आळसाची तरफदारी करू नये. त्यांच्या कानामागे देवधरांची तालीम होती. आमच्या कानामागे फार तर पेन्सिल असते.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. आपल्या स्नेहसंमेलनातली गायनस्पर्धा मी दोन वर्षे पाहतो आहे. गाणारा पेन ड्राइव्ह घेऊन येतो, त्यातून वाद्यवृंद वाजू लागतो, आणि त्यावर मूळ गायकाने जेथे श्वास घेतला तेथे श्वास घेऊन हा गातो. चांगले गातो. पण वीज गेली तर गाणे जाते, कारण त्याच्या गाण्यात त्याच्या मालकीची एक मात्राही नसते. गेल्या वर्षी एका मुलीचा ट्रॅक मध्येच अडकला, ती क्षणभर थांबली आणि टाळी धरून पुढे गात राहिली. एक हरकत तर मुळात नसलेली घेतली. संपूर्ण कार्यक्रमात मला तेवढीच घटका आठवते. तिला बक्षीस मिळाले नाही. 'मूळ चालीशी प्रामाणिकपणा' हा गुणपत्रिकेतला एक रकाना होता म्हणे!

माझी सूचना साधी आहे. स्पर्धा आहे तशी राहू द्या, कोणाचे बक्षीस काढून घेऊ नका. तिच्या शेवटी अर्धा तास ठेवा. पेटी, तबला, आणि फळ्यावर लिहिलेले पाच स्वर. स्वर तेथेच चिठ्ठी काढून ठरवावेत. ज्याला यायचे त्याने यावे, चार आवर्तने काही गावे किंवा वाजवावे, आणि समेवर येऊन पुढच्याला जागा द्यावी. गुण नाहीत, परीक्षक नाहीत. कर्नाटक पद्धतीने शिकणारे कल्पनास्वर म्हणतील. त्यांच्याकडे मनोधर्म हा शब्दच रुळलेला आहे, ते आपल्यापेक्षा धीट निघतील असा माझा अंदाज आहे. फजिती होईल. पण ती विशीत झालेली बरी, आणि एकट्या माझीच का व्हावी?

जाता जाता पुढची हकीकत सांगायची राहिली. यंदा दिवाळीला गावी गेलो तेव्हा शनिवार आला. पेटीवाला हजर होता, तरी काकाजींनी मला बोलावून घेतले. बहुधा गंमत पाहायची असावी. पहिल्या ओळीनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी एक आवर्तन गप्प राहिलो. दुसऱ्या आवर्तनात पाच पट्ट्यांतच थोडे फिरलो आणि मुखड्यावर आलो. पुढच्या वेळी जरा वेगळे. तिसऱ्या वेळी बोट घसरले, ते चौथ्या वेळी मुद्दाम घसरवले. टाळ गडबडले नाहीत. भजन संपल्यावर काकाजींनी विचारले, "कोनता राग होता बे हा?"

"राग नाही काकाजी, नुसतं काळी दोनपासून वाजवून राहिलो होतो."

"मंग बरं," असे म्हणून त्यांनी पुढचे भजन धरले.